खेळाची कणीक हाताला चिकटते? आधी मैद्याचा डबा बंद करा

पंधरा वर्षं मी रत्नागिरीजवळ बालवाडीत मुलांना खेळायला रंगीत कणीक करून देते आहे. विकतचा क्ले वीस-बावीस मुलांना पुरवणं परवडत नाही, आणि घरची केली की तोंडात गेली तरी जीव तेवढा खालीवर होत नाही. या पंधरा वर्षांत मला सगळ्यांत जास्त वेळा विचारलेला प्रश्न एकच आहे: "बाई, कणीक चिकट झाली, आता काय करू?" विचारणाऱ्या दहांतल्या नऊ जणी प्रश्न विचारायच्या आधीच त्यात मूठभर मैदा घालून मोकळ्या झालेल्या असतात.

पहिल्या वर्षी मीही तेच केलं. जुलैतला सोमवार होता. कणीक चिकटली म्हणून मैदा घातला. बरी वाटली. मंगळवारी पुन्हा चिकटली, पुन्हा मैदा. गुरुवारी डबा उघडला तर आंबूस वास आणि कडेला हिरवट बुरशी. तेव्हा कळलं की चिकटपणा पिठाच्या कमतरतेचा नसतोच. तो पाण्याचा असतो, आणि ते पाणी बहुतेक वेळा आपण घातलेलंही नसतं.

मी ज्या मापावर बोलते आहे ते आधी सांगते, म्हणजे पुढचं समजेल. एकच वाटी घ्यायची आणि तीच सगळ्याला वापरायची: 2 वाट्या मैदा, पाऊण वाटी बारीक मीठ, 2 वाट्या पाणी, 2 मोठे चमचे तेल, 2 छोटे चमचे लिंबाचा रस, आणि रंग. सगळं गार असतानाच गुठळ्या मोडून एकजीव करायचं, मग मंद आचेवर ढवळत राहायचं. इंग्रजी कृतींत लिंबाच्या जागी 'क्रीम ऑफ टार्टर' असतं. ते केकचं सामान विकणाऱ्या दुकानात मिळतं, पण महाग पडतं. आपल्या चिंचेत जे आम्ल असतं त्याच आम्लाचा तो क्षार. चिंच घालून पाहायला जाऊ नका, मी पाहिली आहे. कणीक शेणाच्या रंगाची होते.

काय बिघडलंय ते आधी ओळखा

"बिघडली" या एका शब्दात चार-पाच वेगवेगळी दुखणी असतात आणि एकाचं औषध दुसऱ्याला विष ठरतं.

वरून ओलसर, बुळबुळीत, पण आत घट्ट आहे? हवेतलं पाणी ओढलंय, किंवा डब्यात घाम धरलाय.

आतूनबाहेरून चिकट, दोन बोटांत धरून ताणली की तार सुटते? शिजायची राहिली आहे, किंवा आम्ल जास्त झालंय.

दाबली की भेगा पडतात, भुगा होतो? सुकली आहे.

वर पांढरी पूड दिसते? मीठ असेल किंवा बुरशी. बोट ओलं करून त्यावर चोळा. मीठ असेल तर खरखर लागून विरघळून जातं. बुरशी कापसासारखी मऊ असते, पसरते, आणि नाकाला कळते.

करडी, काळपट झाली? कणकेला दोष देऊ नका, कढई बघा. मीठ आणि लिंबू दोन्ही अॅल्युमिनियमला खातात आणि तो करडा रंग कणकेत उतरतो. जाड बुडाचं स्टीलचं पातेलं किंवा नॉनस्टिक तवा घ्या, आणि लाकडी कालथा.

या सगळ्यांत चिकटपणा नव्वद टक्के वेळा येतो. हा आकडा कुठल्या अभ्यासातला नाही, माझ्या ओट्यावरचा आहे. म्हणून बाकीच्या तपासण्या त्याच्याच आहेत. सोप्या, फुकटच्या आधी. मेहनतीच्या नंतर.

थांबा, निवू द्या

गरम कणीक चिकटणारच. गॅसवरून उतरवल्यावर ताटात काढून ओल्या फडक्याखाली पंधरा मिनिटं ठेवा आणि मग हात लावा. शिजलेलं स्टार्च निवताना घट्ट होतं. साबुदाण्याची खीर रात्री सैल आणि सकाळी खरवस झालेली असते, तेच. घाईत गरम कणकेवर मैदा भुरभुरला की निवल्यावर ती दगड होते आणि दुसऱ्या दिवशी लोक मला 'भुगा होतो' म्हणून विचारतात.

निवल्यावर तेलाचा हात लावून पाच मिनिटं सणसणीत मळा. पुरणपोळीच्या कणकेला जसं तिंबतो तसं. यात पाणी सगळीकडे सारखं पसरतं. निम्म्या तक्रारी इथेच संपतात आणि खर्च शून्य.

मिठाच्या बरणीकडे बघा

ही माझी सगळ्यांत आवडती तपासणी. स्वयंपाकघरातल्या मिठाच्या बरणीचं झाकण उघडा. मीठ कोरडं, भुरभुरीत आहे की त्याला पाणी सुटलंय?

हवेतली आर्द्रता साधारण 75 टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून घ्यायला लागतं आणि स्वतः त्यात विरघळतं. आपल्या कणकेत तर मिठाचं पाणी ठासून भरलेलं आहे. हवा 75 टक्क्यांहून दमट असेल तर कणीक पाणी पिते, हवा त्याहून कोरडी असेल तर कणीक पाणी सोडते. कोकणात जून ते सप्टेंबर कपडे वाळत नाहीत, पापडाचा डबा उघडला की पापड नरम होतात, मग कणीक काय सुटणार? माझी बहीण नागपूरला असते. माझीच कृती, तेच माप, आणि मे महिन्यात तिची कणीक अर्ध्या तासात तडकते. आम्ही दोघी एकाच दिवशी फोनवर एकमेकींना विरुद्ध तक्रारी सांगतो.

म्हणजे बरणीतलं मीठ ओलं असेल, तर तुमच्या हातचं काही चुकलेलं नाही. अशा दिवसांत कणीक उघडी ठेवून 'जरा वारा लागू द्या' हा सल्ला उलटा पडतो, वाऱ्यातूनच पाणी येतंय. मी पावसाळ्यात एवढंच करते: निम्म्या मापाची कणीक करते, खेळायला काढलेला गोळा वीस मिनिटांत परत डब्यात घालते, आणि आठवड्याने टाकून देते. एरवी थंडीत तीच महिनाभर जाते.

"मग मीठ कमी करू का?" करू नका. मीठच बुरशीला अडवतं. मिठाने धरून ठेवलेलं पाणी बहुतेक बुरश्यांना वापरता येत नाही. मीठ निम्मं केलंत तर चिकटणं कमी होईल, पण दमट हवेत तिसऱ्या-चौथ्या दिवशी बुरशी दिसेल. या दोन्हींत मला चिकटपणा परवडतो.

मीठ कोणतं, तेही बघा. खडेमीठ कुटून घातलं असेल तर चिकटपणा जास्त येतो, कारण मिठागरातल्या त्या मिठात मॅग्नेशियमचे क्षार राहिलेले असतात आणि ते साध्या मिठापेक्षाही अधाशीपणे पाणी ओढतात. लोणच्याला खडेमीठ उत्तम, कणकेला पाकिटातलं बारीक. आणि पाऊण वाटीऐवजी वाटीभर घालून 'जास्त टिकेल' असं समजू नका. 100 मिली पाण्यात साधारण 36 ग्रॅमच मीठ विरघळतं, पाणी उकळतं केलंत तरी फार फरक पडत नाही. बाकीचं खडे होऊन राहतं. कणीक रेतीसारखी लागते आणि सुकताना तेच मीठ वर पांढरं येतं.

डबा

कोमट कणीक डब्यात घालून झाकण लावलं की झाकणाला आतून घाम येतो आणि तो सकाळी कणकेवर टपकतो. पूर्ण गार झाल्यावरच भरा. फ्रिजमध्ये ठेवत असाल तर काढल्यावर डबा बंदच ठेवून अर्धा तास बाहेर राहू द्या. गार कणीक लगेच उघडली की हवेतलं बाष्प तिच्यावर बसतं, गार पाण्याच्या तांब्याला बाहेरून घाम सुटतो तसं.

डबा प्लॅस्टिकचा, घट्ट झाकणाचा. स्टीलच्या डब्याला हे मीठ दोन महिन्यांत बारीक खड्डे पाडतं. माझ्या आईचा लाडूंचा डबा मी असा घालवलाय आणि ते मला अजून ऐकावं लागतं.

मुलांचे हात

विसरायला होतं, पण साडेतीन वर्षांचं मूल हात धुऊन तसंच ओल्या हाताने येऊन बसतं. आधी पुसायला लावा. काही मुलांच्या तळव्यांना घाम जास्त येतो. त्यांचे हात मधूनमधून कोरड्या फडक्याने पुसा, कणकेत पीठ नको.

परत गॅसवर

इथवर सगळं पाहून झालं आणि अजून तार सुटते आहे, तर कणीक कच्ची आहे. इथवर येऊनही चिकट राहिलेल्या कणकेच्या मागे हेच खरं कारण मला सगळ्यांत जास्त सापडतं, आणि मैदा घालणं इथेच सगळ्यांत चुकीचं असतं.

उकडीचे मोदक करणारीला हे समजावून सांगायला लागत नाही. तांदळाच्या पिठाची उकड नीट वाफवली नाही तर पारी फुटते आणि बोटांना चिकटते. तेव्हा आपण कच्चं पीठ मिसळत नाही, परत वाफ काढतो. मैद्याचंही तेच आहे. साधारण 60 अंशांच्या पुढे स्टार्चचे कण पाणी पिऊन फुगतात आणि ते पाणी आत धरून ठेवतात. तोवर पाणी मोकळं असतं, आणि मोकळं पाणी म्हणजे चिकट हात. वरून घातलेला मैदा थोडं पाणी तात्पुरतं टिपतो, पण तो कच्चाच राहतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा गिच्च, आणि बुरशीला आयतं जेवण.

कणकेचे लिंबाएवढे तुकडे करून पातेल्यात टाका, आच अगदी मंद ठेवा, आणि कालथ्याने दाबत-उलटत दोन-तीन मिनिटं परता. एक मोठा गोळा तसाच टाकाल तर बाहेरून खरपूस आणि आत कच्चा राहील. झालंय हे कसं कळेल? कणीक पातेल्याच्या कडा सोडून कालथ्याभोवती गोळा होते. चिमूटभर काढून, फुंकर मारून, अंगठ्याने दाबा. अंगठा कोरडा सुटला आणि ठसा स्पष्ट उमटला की झाली. तोडून बघितली तर आत पांढरे, पिठूळ ठिपके नकोत.

शिजवण्यामागे दुसरंही कारण आहे. बिनशिजवलेल्या कणकेच्या कृती खूप फिरतात, 'पाच मिनिटांत तयार' वगैरे. कच्चा मैदा म्हणजे कच्चं धान्य, त्यात जंतू असू शकतात. 2016 साली अमेरिकेत मैद्यातून ई. कोलायची लागण पसरली तेव्हा आजारी पडलेल्या मुलांत काही अशी होती की त्यांना हॉटेलात खेळायला कच्च्या पिठाचे गोळे दिले होते. लहान मुलाच्या हातातली वस्तू तोंडात जाणार हे गृहीत धरूनच मी शिजवते. म्हणूनही वरून मैदा भुरभुरायचा नाही.

रंग आणि लिंबू

शिजवूनही सैलच राहते आहे? मग मापाकडे वळा.

बाटलीतला पातळ रंग शेवटी घातला असेल तर ते वरचं पाणी झालं. रंग पहिल्यापासून मापाच्या पाण्यातच मिसळा. एका घाण्याचे चार रंग हवे असतील तर पूड किंवा जेल वापरा. बिटाचा रस मात्र शेवटी, कारण उष्णतेने त्याचा गुलाबी रंग विटतो. तेव्हा तेवढं पाणी आधीच कमी घ्या. हळद छान, स्वस्त आणि पिवळीधमक, पण तिच्यात खायचा सोडा पडला की लाल होते. हळदीला चुना लावून कुंकू करतात, तोच प्रकार. हळदीच्या कणकेने खेळून साबणाने हात धुतल्यावर मुलांचे हात लाल दिसतात आणि पालक घाबरून फोन करतात. घाबरू नका, जातं. बाजारातलं कुंकू, शेंदूर आणि होळीचे रंग यांतलं काहीही घालू नका. शेंदुरात शिसं असू शकतं.

लिंबाचं मी बरीच वर्षं चुकत होते. थोड्या आम्लाने कणीक लवचीक होते, म्हणून मी सढळ हाताने पिळायचे. पण जास्त आम्लात स्टार्च शिजवलं की त्याच्या साखळ्या तुटतात आणि घट्ट झालेलं पुन्हा पातळ होतं. दोन चमचे म्हणजे दोनच. लिंबूसत्त्व वापरत असाल तर पाव चमचा पुरे. आम्ल जास्त झालेली कणीक कितीही परतली तरी सुधारत नाही, तो घाणा सोडून द्या.

सगळ्यांत शेवटी पीठ. चक्कीवरच्या गव्हाच्या पिठाची कणीक होते, पण कोंडा असल्यामुळे खरखरीत आणि लवकर आंबते. गव्हाची अॅलर्जी असलेलं मूल वर्गात असेल तर तांदळाची उकड काढायची, मीठ-तेल तेवढंच. ती ताणली जात नाही, तुटते, कारण तिच्यात गव्हाचा चिकट भाग नाही. ते दुखणं नव्हे, स्वभाव आहे. अशा मुलाला शेजारच्याच्या मैद्याच्या गोळ्यालाही हात लावू देऊ नका. प्ले-डो या विकतच्या क्लेमध्येही गहू असतो. अमेरिकेत सिनसिनाटीला तो मुळात भिंतीच्या कागदावरची कोळशाची काजळी पुसायला बनत असे. के झुफॉल नावाच्या बालवाडीच्या बाईंनी तो मुलांच्या हाती दिला आणि 1956 पासून खेळणं म्हणून विकायला लागले. काजळी पुसायचे ते गोळे कोणाला आठवत नाहीत आता, पण बालवाडीतल्या बाईंचं डोकं चाललं याचा मला उगाच आनंद होतो.

सुकलेल्या कणकेचं थोडक्यात

इथे तेल घालून उपयोग नाही, गेलंय ते पाणी. गोळ्याला बोटाने चार खळगे पाडा, प्रत्येकात दोन-दोन थेंब कोमट पाणी घाला, डब्यात रात्रभर ठेवा, सकाळी मळा. विदर्भ-मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात घाण्यामागे चमचाभर ग्लिसरीन घातलं तर कणीक जास्त दिवस मऊ राहते. तेच ग्लिसरीन कोकणातल्या जुलैत घातलंत तर वरचा सगळा लेख पुन्हा पहिल्यापासून वाचावा लागेल.

इथे थांबा

दोनदा परतूनही तार सुटत असेल तर तिसऱ्यांदा गॅस जाळू नका. मैदा-मीठ काही सोन्याचं नाही.

बुरशीचा एक ठिपका दिसला तरी अख्खा गोळा टाका. तेवढाच भाग काढून चालत नाही, धागे आतवर गेलेले असतात. टिकावं म्हणून बाहेरचं काही घालायच्या फंदात पडू नका. पुस्तकं बांधणारे खळीत मोरचूद घालतात, कीड लागू नये म्हणून. एका आजोबांनी मला मनापासून तोच सल्ला दिला होता. मोरचूद विष आहे, मुलांच्या वस्तूत त्याला जागा नाही. टाकणखारालाही नाही.

मुलाने चिमूटभर चाटली तर काळजी नको, खारट लागून तोंड वाकडं करेल आणि थुंकेल. पण गोळाच्या गोळा गिळला असेल, आणि त्यानंतर उलट्या, न भागणारी तहान, गुंगी किंवा झटके दिसत असतील, तर घरगुती उपाय नकोत, मिठाचं पाणी पाजून उलटी काढणं तर मुळीच नको. थेट दवाखाना. उरलेली कणीक आणि मापं डॉक्टरांना सांगा. दोन वर्षांखालच्या मुलाने बरीच खाल्ली असेल तर लक्षणांची वाट बघू नका. घरात कुत्रा असेल तर डबा वरच्या फळीवर ठेवा. कुत्रा ती आवडीने खातो आणि एवढं मीठ त्याच्या जिवावर बेतू शकतं. खाल्ली असेल तर लगेच जनावरांच्या डॉक्टरांना फोन.

नाकात किंवा कानात गोळी घातली तर काडी, चिमटा, सेफ्टी पिन काही नाही. आपण काढायला जातो आणि ती आणखी आत सरकते. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांचं हे पाच मिनिटांचं काम आहे. हातावर पुरळ, खाज किंवा ओठांवर सूज आली तर खेळ बंद, आणि श्वासाला त्रास वाटला तर त्याच क्षणी दवाखाना.

आणि मोरी. खराब कणीक कचऱ्यात टाका, मोरीत नको. पातेलंसुद्धा आधी कागदाने पुसून घ्या, मग धुवा. एकदा मी अर्धा घाणा 'विरघळेल की' म्हणून सिंकमध्ये सोडला आणि वर गरम पाणी ओतलं. कच्चंच होतं ते, पाइपातच त्याची उकड झाली. प्लंबरने वाकडा नळ सोडवला तेव्हा आतून निळ्या रंगाचा, नळाच्या आकाराचा, अजिबात न चिकटणारा गोळा निघाला.